टॅलिनचं तूमकिरिक : भिंतभर टांगलेल्या ढाली

एस्टोनियाची राजधानी टॅलिन, तिथली तूमपेआ टेकडी चढून वर आलं की सगळे आधी घुमटवाल्या रशियन कॅथेड्रलचे फोटो काढतात, आम्हीपण काढले, पण मला बघायचं होतं ते तिथून जवळच असलेलं पांढरं तूमकिरिक चर्च.

आत शिरताना दारातच एक थडग्याची शिळा लागते, ओटो योहान थुवे, साल १६९६. तिकडची दंतकथा अशी की आयुष्यभर चैन केली आणि शेवटी पस्तावला, म्हणून मला दारातच पुरा, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय माझ्यावर पडू देत असं सांगून गेला. मला एकदम पंढरपूरची नामदेव पायरी आठवली. नामदेवांना भक्तांची पायधूळ हवी होती आणि ह्याला माफी, पण पाय ठेवायला माझ्याच्याने झालं नाही, वाकून हात लावला आणि ओलांडून गेलो.

आणि मग वर बघितलं. भिंतींवर, खांबांवर, जिथे नजर जाईल तिथे लाकडात कोरलेल्या प्रचंड ढाली, सोनेरी-काळ्या, वर शिरस्त्राण, बाजूला झेंडे, तोफा, शंभराहून जास्त आहेत! ही सगळी बाल्टिक जर्मन, म्हणजे इथे येऊन स्थायिक झालेल्या जर्मन वंशाच्या, सरदार घराण्यांची कुलचिन्हं. घरातलं माणूस गेलं की असं चिन्ह करून घ्यायचे, अंत्ययात्रेत मिरवत न्यायचे आणि नंतर चर्चमध्ये टांगायचे, मेलेल्याचं नाव आणि तारखा जर्मनमध्ये लिहून. १६८४ च्या आगीत चर्चचं आतलं सगळं जळलं होतं, त्यामुळे आता दिसतात त्यातल्या बहुतेक त्यानंतरच्या.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अरे पण माणसाचा फोटो कुठाय?" खरंच की. आपल्याकडे हार घातलेल्या फोटोत निदान चेहरा तरी असतो, अण्णांचा चष्मा कसा नाकावर घसरायचा ते आमच्या फोटोत अजून दिसतं. इथे सिंह आहेत, तलवारी आहेत, गेलेला माणूस मात्र खालच्या दोन ओळींत.

कोरीवकाम मात्र अप्रतिम. क्रिस्टियान आकरमान नावाच्या कारागिराने इथलं प्रवचनाचं व्यासपीठ १६८६ मध्ये केलं, काही ढालीपण त्याच्याच हातच्या, मी मान दुखेपर्यंत बघत उभा होतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ह्या सरदारांच्या जमिनी कसणारे एस्टोनियन शेतकरी १८१६ पर्यंत भूदास होते, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायची सोय नाही. त्यांच्यातलं कुणी गेलं तर कुणी काय टांगलं असेल? ह्या भिंतींवर मी त्यांचं एकतरी नाव शोधत होतो, नाही सापडलं.