आधी हाताची ओळख

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की येणारा-जाणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, "शेकहँड करते का?" मिरी आल्यापासून मला हे इतक्या जणांनी विचारलंय की आता उत्तर तयार असतं. नाही करत, आणि इतक्यात शिकवणारही नाही. माणसाचा हात आपल्याकडं आला म्हणजे काहीतरी चांगलं होणार, एवढं एकच सध्या तिच्या मनात पक्कं व्हायला हवंय. बसणं, थांबणं, हाक मारल्यावर येणं, तोंडातली वस्तू सोडणं हे सगळं त्याच्यावरच उभं राहतं, असं माझं ठाम मत आहे.

मिरी गावठी. काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका. इथं सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक बांधकाम चालू होतं, तिथं वाळूच्या ढिगाआड तिची आई व्याली. पिल्लं स्वतः खायला लागली, आई दूध पाजायचं टाळायला लागली, तेव्हाच आम्ही हिला घरी आणलं. दोन महिन्यांची असेल. "अजून लहान असतानाच आण, लळा लागतो," असं बरेच जण म्हणाले, पण मी थांबले. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ मोडतो. किती जोर लावायचा हे पिल्लू तिथंच शिकतं, आणि महिन्याभराचं उचलून आणलेलं पिल्लू त्याला मुकतं.

लळ्याला मुदत असते, हे मात्र खरंय. १९६१ साली अमेरिकेत डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत पिल्लं वाढवली. काहींना वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांत आणलं, काहींना मात्र चौदा आठवडे माणसाचा हातच लागू दिला नाही. ही शेवटची पिल्लं पुढं रानटी जनावरासारखी वागली, माणसाला जवळ येऊ देईनात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. नंतर भीती आधी येते.

अडचण अशी की लसींचं वेळापत्रक याच काळात असतं. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, मध्ये तिसऱ्या महिन्यात रेबीजचं इंजेक्शन. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढूच नका, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अर्धाच पटतो. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्येच स्पष्ट म्हटलंय, की पहिली लस होऊन आठवडा झाला की पिल्लाला सुरक्षित ठिकाणी माणसं आणि दुसरी पिल्लं भेटू द्यावीत, सगळ्या लसींची वाट पाहत बसू नये. मी मधला मार्ग काढला. मिरीचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत, पण डोळ्यांना आणि कानांना सगळं भेटवायचं.

जुन्या ओढणीची झोळी करून तिला छातीशी घ्यायची आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जायचं. उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यांदा गाणी लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं जात असतात, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पहिल्यांदा लांबूनच दाखवला. तिचं अंग ताठ झालं, कान मागं गेले. तशीच उभी राहिले, ट्रॅक्टर पुढं गेल्यावर तिनं श्वास सोडला तेव्हा तळहातावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला. पुढं अंतर हळूहळू कमी करत नेलं. खायला नकार दिला तर समजायचं की आपण जास्त जवळ आलोय. हे माप मला फार उपयोगी पडलं, कारण घाबरलेलं पिल्लू आवडीचा खाऊही तोंडात घेत नाही. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणाऱ्या आजी, शाळेतून सुटलेली पोरं, भाजीचा गाडा, बँडवाले, सगळं याच रीतीनं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जत तालुक्यातल्या वस्तीवर वाढलेले. त्यांच्या दारात कायम कुत्री असायची. धनगरांची पिल्लं कोकरांतच लोळून मोठी होतात म्हणून मेंढरांना इजा करत नाहीत, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. आणि मी मिरीला कुरवाळायला खाटेखाली हात घातला तेव्हा म्हणाले, "तू कशाला जातीस? तिला येऊ दे की तुझ्याकडं." स्वतः ते भिंतीला टेकून बसले, हात जमिनीवर उपडा ठेवला आणि चहा पीत राहिले. थोड्या वेळानं ती आली, हात हुंगला, परत गेली, परत आली. त्यांनी हात हलवलासुद्धा नाही. मी पुढं जे काही केलं त्याचा पाया हाच.

मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. संध्याकाळी मशीनवर कव्हर घातलं की सतरंजीवर बसायचं, शेजारी वाटीत पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. कानाला हात लावायचा, मग तुकडा. क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. आधी खाऊ दाखवून मग हात लावला तर पिल्लाला खाऊचाच संशय यायला लागतो. हात आधी, लगेच खाऊ, मग हात दिसला की तिचे डोळे चमकतात. कान, मग पंजा, मग बोटांच्या मधली जागा, ओठ वर करून दात, शेपटीचं मूळ. एकेका जागेला दोन-तीन सेकंद पुरतात. तिनं पाय ओढून घेतला तर मी सोडून देते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेला आणखी हलका हात लावते.

एवढा खटाटोप कशाला, तर आपल्याकडं गोचीड. ती नेमकी कानात, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली चिकटते, आणि तिच्यातून एर्लिकिया, बॅबेसियासारखे ताप कुत्र्याला होतात. जी कुत्री कानाला हात लावू देत नाही तिची गोचीड सापडणार कशी? दवाखान्यात तोंड बांधून, दोघा-तिघांनी दाबून धरलेली कुत्री मी पाहिलेली आहेत. मिरीच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांनी शेपटीखाली थर्मामीटर लावला, कान तपासले, आणि ती माझ्या तळहातातलं पनीर चाटत उभी राहिली. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

म्हणूनच मारण्याचा सल्ला मी ऐकून घेत नाही. घरात शू केली तर नाक त्यात घास, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक दे, असं शेजारपाजारचे अजून सांगतात. पिल्लाला त्यातून "लादीवर करू नये" हे कळत नाही. "माणसांच्या समोर करू नये" एवढंच कळतं. मग ते कपाटामागं जाऊन करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर मोकळं होत नाही. वर हाताचा भरवसा गेला तो गेलाच.

आमच्याकडं नियम साधा आहे. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून थांबली की, तिला परसात कढीपत्त्याच्या झाडापाशी न्यायचं. या वयाचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास कळ काढू शकतं, त्यामुळं फेऱ्या खूप होतात, त्याला इलाज नाही. तिनं शू सुरू केली की हळू आवाजात "शू कर" म्हणायचं आणि संपताक्षणी तिथल्या तिथं खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याबद्दलचा ठरतो. लादीवर झालीच तर न बोलता पुसायचं. नुसत्या फिनेलनं आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, तिच्या नाकाला तो येतच राहतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरावं.

चावण्याबद्दल. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत बेचाळीस पक्के दात येतात, म्हणजे हा काळ लांबतो. माझी लेक आठवीत आहे, तिच्या मनगटावर ओरखडे उठायचे. तिनं हात झटकला की मिरीला तो खेळच वाटायचा. आम्ही ठरवलं की दात लागले की हात सैल सोडायचा, खेळ बंद, उठून उभं राहायचं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा बसायचं आणि तोंडात द्यायला गार गाजर किंवा जीनच्या जाड कापडाची घट्ट वेणी हातात ठेवायची. घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं तरच चालतं. एकजण थांबवतो आणि दुसरा हातानंच झोंबी खेळतो, तिथं पिल्लू गोंधळतं.

आता माझ्या धंद्यामुळं सगळ्यात जास्त वेळ ज्याला दिला ते सांगते. "सोड". जमिनीवर दोरा, चिंध्या, हुक, कधी टाचणी. दोरा गिळला तर तो आतड्यात एका टोकाला अडकतो, आतडं पुढं ढकलत राहतं, आणि दोरा ओढल्यावर झालरीला पडाव्यात तशा त्याला चुण्या पडतात. आतडं फाटूही शकतं. ऑपरेशनशिवाय पर्याय राहत नाही. मशीनची जागा फळी लावून बंद केली, रोज दोनदा केर काढते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

तोंडात बोटं घालून वस्तू ओढून काढली की पिल्लू पुढच्या वेळी पळतं किंवा पटकन गिळतं. म्हणून आधी तिच्याच खेळण्यावर सराव केला. तिनं वेणी धरली की नाकाशी चिकनचा तुकडा न्यायचा, तोंड उघडलं की त्या क्षणी "सोड", तुकडा द्यायचा आणि वेणीही परत द्यायची. परत देणं विसरू नये. सोडलं म्हणजे गेलं असं नाही, हे तिला कळायला हवं. वेणीनंतर गाजर, मग चपाती, मग रिकामं रीळ.

त्याचा उपयोग भलत्याच ठिकाणी झाला. आमच्या भागात बेदाणा घरोघरी, तासगाव जवळच. पाहुण्यांसमोर ठेवलेल्या ताटलीतला एक बेदाणा घरंगळला आणि मिरीनं तोंडात घेतला. लेकीनं "सोड" म्हटलं, तळहात पुढं केला, आणि ओला बेदाणा तळहातावर आला. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे या द्राक्षांच्या जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत आहे. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं २०२१ पासून पशुवैद्य मांडतायत. तेच आम्ल चिंचेत असतं, त्यामुळं आमटीचा भातही मी तिला देत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट तर नाहीच. कुत्र्यानं द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. किती खाल्ल्यावर बाधतं याचं खात्रीचं माप नाही.

"बस" शिकवायला त्या मानानं काहीच लागलं नाही. नाकासमोर तुकडा धरून डोक्यावरून मागं नेला की मान वर होते, बूड टेकतं. टेकलं की शब्द आणि खाऊ. "ये" ला मात्र मी जपते. तिला रागवायचं असेल, औषध घालायचं असेल, तर मी हाक मारत नाही, स्वतः उठून जाते. हाकेला आली की गळपट्ट्याला हात, मग खाऊ, मग पुन्हा मोकळं. गळपट्ट्याला हात लागला की निसटणारी कुत्री रस्त्यावर गाडीखाली येते, म्हणून हा मधला हात टाळायचा नाही.

लसी आता पूर्ण झाल्यात आणि ती पट्ट्यावर गल्लीत चालते. पट्टा ताणला की मी थांबते, सैल झाला की चालू. सध्या काम नखांचं आहे. काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून टोकाचा अगदी पातळ काप घ्यायचा. आधी नेलकटर नुसता पंजाला टेकवून खाऊ, मग त्यानं काडी कापल्याचा कट्ट आवाज आणि खाऊ, मग एक नख. दुसरं नख उद्या.