सुरूचं बन, अर्धा सेकंद

दापोलीजवळच्या मुरूडचं सुरूचं बन मला फोटोत हवं होतं, पण आजचं नको होतं. मे महिन्यात आजोळी असताना संध्याकाळी खोडांच्या मधून समुद्र दिसायचा, ते हवं होतं. साधा, स्वच्छ फोटो काढला की रिसॉर्टची पाटी, उभ्या गाड्या, टपऱ्या सगळं इमानदारीत उमटायचं. कॅमेऱ्याला आजचंच दिसणार.

मग मुद्दाम कॅमेरा हलवायला घेतला. आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी), एफ १६ (लेन्सचं छिद्र बारीक) आणि लेन्सवर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. हा फिल्टर प्रकाश ६४ पट कमी करतो, त्यामुळे उतरत्या उन्हातही शटर अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं. तेवढ्यात कॅमेरा वरून खाली ओढायचा. हात आधीपासून चालता हवा आणि शटर मिटल्यावरही थांबता कामा नये, नाहीतर रेघांच्या टोकांना गाठी येतात. खोडांच्या उभ्या रेघा होतात, पाट्या विरघळतात, मधे केशरी पट्टे उरतात. आडवा हलवला तर समुद्र देखणा येतो, पण बन पार पुसलं जातं.

छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५६ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या बैलझुंजी मंद शटरवर टिपल्या होत्या. ते फोटो पाहून धीर आला. पण नुसतं धूसर केलं की झाली आठवण, हे मला पटत नाही. (तशा फोटोंचं हल्ली पीकच आलंय.) आठवणीत एखादी गोष्ट नको तितकी ठळक असते. माझ्या आठवणीत तो आजोळच्या विहिरीवरचा रहाट.

पंप आल्यापासून तो बंद आहे, पण उभा आहे. ट्रायपॉडवरून, मागे उजळ आभाळ घेऊन, रहाटाची एक स्थिर फ्रेम काढली. दुसरी पोफळींची, हलवून. दोन्ही कॅमेऱ्यातच एकावर एक. साध्या मल्टिपल एक्स्पोजरमध्ये प्रकाशाची बेरीज होते, त्यामुळे रहाटाच्या काळ्या लाकडातून पोफळींच्या रेघा डोकावू लागल्या. दोन्हींतलं गडद तेवढं राखणारा मोड निवडला, तेव्हा कुठे लाकूड लाकडासारखं राहिलं.

प्रिंट सुती मॅट कागदावर काढली. त्यावर काळा रंग जरा फिका उतरतो. इथे तो शोभतो.

मामाने प्रिंट हातात घेतली आणि म्हणाला, "तुझ्या लहानपणी याला मातीचे लोटे होते. हे पत्र्याचे डबे मागाहून बसवले."

मला तर डबेच आठवतात.