तुम्ही विचारलंत म्हणून: ईर्षा आणि खुन्नस

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डवर 16 आकड्याचं लाल स्टिकर आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमबाहेर गाडी लावली की कुणीतरी विचारतंच, "सर, कुणाचा नंबर हा?" रॉय कीनचा, मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या कॅप्टनचा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. गेल्या हंगामात तर ज्या पोराला मी लाल कार्ड दाखवलं, तोच मॅच संपल्यावर गाडीपाशी थांबला होता. बूट हातात, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, डोळे लाल. म्हणाला, "सर, तुमचा आवडता प्लेअर रॉय कीन. मग मला का बाहेर काढलंत? मी काय वेगळं केलं?"

तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बोलू नंतर" एवढंच म्हणालो. पण हेच मला पोरांचे वडील विचारतात, माझ्यासोबतचे पंचही विचारतात. शिट्टी हातात घेणाऱ्यानं असल्या माणसाचं स्टिकर लावून फिरावं का? प्रश्न रास्त आहे. उत्तर गाडीपाशी उभं राहून देण्याइतकं लहान नाही, म्हणून लिहितोय.

नव्या पोरांना कीन ठाऊक आहे तो रील्समधला, टीव्हीवर बसून सगळ्यांवर चिडणारा दाढीवाला. आम्हाला ठाऊक आहे तो आयर्लंडमधल्या कॉर्कचा मिडफिल्डर. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून मँचेस्टर युनायटेडनं त्याला 1993 साली साडेसदतीस लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमधला तेव्हाचा तो विक्रम होता. 1997 मध्ये एरिक कँटोना निवृत्त झाला आणि कीन कॅप्टन झाला. प्रीमियर लीगमध्ये त्यानं 7 लाल कार्डं घेतली. मोठ्या नावांपैकी त्याच्या पुढं पॅट्रिक व्हिएरा आणि डंकन फर्ग्युसन आहेत, दोघांची 8-8. म्हणजे तो साधा माणूस नव्हता, हे मी आधीच कबूल करतो.

स्टिकर मात्र त्या 7 कार्डांचं नाही. ते एका पिवळ्या कार्डाचं आहे.

21 एप्रिल 1999. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, दोन सामन्यांतला दुसरा, इटलीत तुरीनला, समोर युव्हेंटस. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. मित्राच्या माडीवर आम्ही सहाजण होतो. खाली त्याचे आजोबा झोपलेले, त्यामुळं आवाज बंद करून बघत होतो. अकरा मिनिटांत त्यांच्या इन्झागीनं दोन गोल मारले. दोघं उठून घरी गेले. 24व्या मिनिटाला बेकहॅमचा कॉर्नर आला आणि कीननं डोकं घातलं. गोल. आणि त्या माणसाच्या तोंडावर हसू नाही, काही नाही. वळला आणि आपल्या जागेकडं पळाला. घरात आग लागल्यावर पहिली बादली ओतून दुसरीसाठी पळावं, तसा.

नऊच मिनिटांनी युनायटेडच्याच ब्लोमक्विस्टचा एक पास आखूड पडला. चेंडू हातचा गेला असता. कीननं त्याच्यासाठी पाय घातला आणि समोरचा झिदान पडला. पिवळं कार्ड. आधीच्या कार्डांत भर पडून कीन फायनलला मुकला. त्याला ते त्याच क्षणी कळलं होतं. खरी मॅच सुरू झाली ती त्यानंतर. जी फायनल आपल्याला खेळायचीच नाही, तिथं इतरांना पोचवण्यासाठी तो तासभर जसा पळाला, तसं पळणं मी पुन्हा पाहिलं नाही. यॉर्कनं बरोबरी केली, 84व्या मिनिटाला कोलनं तिसरा मारला, 3-2. आम्ही चौघं तोंडावर उशा दाबून ओरडत होतो. 26 मे रोजी बार्सिलोनात युनायटेडनं बायर्नला शेवटच्या मिनिटांत हरवलं, तेव्हा कीन सुटाबुटात बाहेर होता.

आमच्याकडं याला ईर्षा म्हणतात. पुण्या-मुंबईकडं ईर्षा म्हणजे मत्सर. कोल्हापुरात तसं नाही. इथं "पोरगं ईर्षेनं खेळतंय" हे कौतुक आहे. मातीतल्या कुस्तीतून आलेला शब्द असावा असं मला वाटतं. कारण आमची फुटबॉलची निम्मी मंडळं तालमींचीच आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ईर्षा असलेला माणूस अंगावर जातो, पण चेंडूसाठी जातो. चुकला तर कार्ड घेतो, मान खाली घालतो आणि पुन्हा कामाला लागतो.

पंच म्हणून याचा हिशेब कसा करतो तेही सांगतो. खेळाच्या बाराव्या नियमात पायऱ्या आहेत. खेळाडू नुसता निष्काळजी असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता गेला असेल तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं असेल तर लाल. यात हेतूला जागाच नाही. "सर, मुद्दाम नाही केलं" हे मी रोज ऐकतो आणि त्याचा कार्डाशी काही संबंध नसतो. मला दिसतो तो पाय. किती उंच होता, बुटाचे खिळे पुढं होते का, चेंडू जवळ होता का.

गाडीपाशी थांबलेल्या त्या पोराचे खिळे नडगीवर होते. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. समोरच्या पोरानं मोज्यात शिनगार्डऐवजी पुठ्ठा घातला होता. तो दुमडून बाहेर आला आणि त्यावर खिळ्यांची तीन भोकं होती. तो पुठ्ठा मी खिशात ठेवला. अजून माझ्याकडं आहे. त्या पोराला दाखवणार आहे.

आता दुसरी मॅच, जिच्यावरून आमच्या कट्ट्यावर वीस वर्षं भांडणं चाललीत. सप्टेंबर 1997 मध्ये लीड्सच्या मैदानावर कीन त्यांच्या आल्फ-इंगे हालांडला अडवायला गेला आणि त्याचा स्वतःचाच पाय मुरगळला. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. हालांड त्याच्या डोक्यावर उभा राहून "नाटक करू नको" म्हणून ओरडला. कीनचा सगळा हंगाम गेला. पुढं 21 एप्रिल 2001, तुरीनला बरोबर दोन वर्षं झालेली. मँचेस्टर डर्बी, म्हणजे एकाच शहरातले युनायटेड आणि सिटी समोरासमोर. हालांड आता सिटीकडून खेळतोय. युनायटेडनं लीग आधीच जिंकलेली, स्कोअर 1-1, मॅच संपत आलेली. कीनचा बूट हालांडच्या उजव्या गुडघ्यावर बसला. खाली पडलेल्या माणसावर वाकून तो काहीतरी बोलला आणि लाल कार्ड घेऊन मैदानाबाहेर गेला. तेव्हा 3 सामन्यांची बंदी झाली. पुढं 2002 साली त्यानं आत्मचरित्रात या टॅकलचा जुन्या हिशेबाशी संबंध स्वतःच जोडला, तेव्हा आणखी 5 सामने आणि दीड लाख पौंड दंड.

कट्ट्यावर कीनच्या बाजूनं तीन गोष्टी बोलल्या जातात. सुरुवात हालांडनं केली. हालांडची शस्त्रक्रिया डाव्या गुडघ्याची, कीनचा बूट उजव्यावर, म्हणजे करिअर त्यानं संपवलं हे खोटं. आणि पूर्वीचा फुटबॉल मर्दांचा होता, आता हात लावला की शिट्टी. यातली मधली गोष्ट खरी आहे, आणि हालांडचं करिअर कीननं संपवलं असं कुणी म्हणालं की मीही त्याला अडवतो. पण समोरचा वाचला म्हणून मारणारा सुटत नाही. पायावर भार असता, पाय जमिनीत रुतलेला असता, तर काय झालं असतं?

त्यानं 1995 मध्ये गॅरेथ साउथगेटवर पाय दिला होता, तो राग होता. क्षणात येतो, क्षणात जातो, त्याची शिक्षा भोगावी. डर्बीतली टॅकल त्यातली नाही. साडेतीन वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवायची आणि मॅचमध्ये जिंकायला काही उरलेलं नसताना बाहेर काढायची, याला आम्ही खुन्नस म्हणतो. ईर्षेतला माणूस चेंडूमागं धावतो, खुन्नस धरलेला माणसामागं. पंच म्हणून मी हेतू बघू शकत नाही. पण स्टँडमध्ये बसलेल्याला कुणी अडवलंय? त्यानं तर बघायलाच पाहिजे. आपल्या पेठेचा आहे म्हणून, आपल्या क्लबचा कॅप्टन आहे म्हणून आपण खुन्नसला ईर्षा म्हणायला लागतो, तिथं मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

हे मी इतक्या ठामपणे बोलतो त्याला कारण आहे.

त्या डर्बीनंतरच्याच हंगामातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा, मिडफिल्डला खेळायचो. मंडळाचं नाव लिहीत नाही. पहिल्या हाफमध्ये समोरच्या एका बारक्या विंगरनं माझ्या दोन पायांतून चेंडू काढला आणि स्टँडमधून शिट्ट्या आल्या. वीस मिनिटांनी तो पुन्हा माझ्यासमोर आला. मी उशिरा गेलो, आणि मुद्दाम उशिरा गेलो. ओल्या लाकडाची ढलपी निघावी तसा आवाज झाला. त्याच्या घोट्याचं लिगामेंट फाटलं, तो त्या हंगामात पुन्हा उतरला नाही. मला फक्त पिवळं कार्ड मिळालं. आणि आमच्या बाजूच्या स्टँडमधून जी आरोळी उठली, ती मला कुठल्याच गोलला मिळाली नव्हती. संध्याकाळी पेठेत लोक पाठीवर थाप मारत होते, "भावा, नाद नाय करायचा." चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. माझ्या डोक्यात राहिलाय तो तो चहा.

तो विंगर आता माझा मित्र आहे. मॅच बघायला येतो, आर्सेनलचा कट्टर माणूस, व्हिएरासाठी जीव देणारा. पण कीनवर वाद झाला की तोच कीनची बाजू घेतो आणि मी विरुद्ध बोलतो, याचं बाकीच्यांना नवल वाटतं. यंदा जानेवारीत पायऱ्यांवर बसून असंच चाललं होतं. तो म्हणाला, "कीननं ठरवून मारलं म्हणतोस. चल, मान्य. तू तर रागात मारलंवतंस मला. फरक हाय की."

इतकी वर्षं मी त्याला ते तसंच समजू दिलं होतं. त्या दिवशी सांगितलं. राग नव्हता, वीस मिनिटं मी वाट बघत होतो.

त्यानं हातातले शेंगदाणे सोलायचं थांबवलं नाही. म्हणाला, "ठावं हाय मला. मी चेंडू पुढं ढकलला होता, तू चेंडूकडं बघतच नव्हतास." मग अर्धे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. तेवढ्यात खालून बोलावणं आलं. पुढच्या मॅचला मी लाइनवर होतो, झेंडा घेऊन उतरलो.