कीवर्ड: शून्य वेळा

अकरा वर्षं मी कथा लिहिल्या. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, इथे गोव्यात डिचोली-साखळीकडची कथावाचनं. मानधन आलं तर आलं. अंक घरपोच यायचा, तेवढ्यावर मी खूश असायची. मार्च 2018मध्ये खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा आमचा ट्रक अंगणात उभा राहिला, आणि लिहिण्याचे पैसे मिळायला हवेत हे मी घरात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

काम लगेच मिळालं. राज्याबाहेरच्या एका कंपनीला पर्यटनाच्या ब्लॉगसाठी मराठीत लिहिणारी माणसं हवी होती. शब्दाला 70 पैसे ठरले. पहिला विषय आला: दूधसागर धबधबा.

माझा पहिला खर्डा धुक्यातून येणाऱ्या गाडीच्या शिटीने सुरू होत होता. तिथले तरुण संपादक म्हणाले, "मॅडम, वाचकाला तिथं कसं पोचायचं ते आधी सांगा." मला ते पटलं. कथेत जे शेवटपर्यंत राखून ठेवायचं, ते इथे पहिल्या चार ओळींत द्यायचं. पोरांना घेऊन मडगाव स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला धुकं नको असतं. मी लेख उलटा केला. कुळेला उतरा, तिथून जीप अभयारण्यातून नेते, पावसाळ्यात जीप बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. धुकं खाली चौथ्या परिच्छेदात गेलं आणि तिथेही ते चांगलंच दिसलं.

इथवर दोन दिवस. पुढचे 19 दिवस मी ज्यात अडकले, त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

लेख परत आला. शेरा होता: कीवर्ड नाही. कीवर्ड म्हणजे लोक नेटवर शोधताना टाकतात ते शब्द. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा शेरा मला आला. फोन केला.

"मॅडम, 'दूधसागर धबधबा' हा कीवर्ड लेखात बारा वेळा पाहिजे. एकदाही नाही."

"सतरा वेळा आहे. मोजून बघा."

"टूल शून्य दाखवतंय."

त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. डावीकडे माझा लेख, उजवीकडे तांबडा ठिपका आणि त्याच्यापुढे 0/12. मी लेख छापून पेन्सिलीने खुणा करायला बसले. दूधसागर धबधब्याला. धबधब्यावर. धबधब्यापाशी. धबधब्याचं. धबधब्याकडे. सतराच्या सतरा ठिकाणी शब्दाला प्रत्यय लागलेला होता. प्रत्यय लागला की 'धबधबा'चं सामान्यरूप होतं 'धबधब्या', हे आपण शाळेत शिकलो. ते टूल बनवणारा शिकला नव्हता. त्याला अक्षरं जशीच्या तशी जुळायला हवी होती. इंग्रजीत शब्द बदलत नाही, त्याच्या आधी 'टु' नाहीतर 'ॲट' येतं. आपल्याकडे शब्दच आतून वळतो.

हे मी लिहून कळवलं. उत्तर आलं की नियम सगळ्या लेखकांना सारखा आहे. मग मी चारदोन वाक्यं बदलून दिली, टूल 3/12वर आलं. परत पाठवला, परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी तो स्वतःच दुरुस्त केला होता, आणि मला फक्त मान्य म्हणून कळवायचं होतं. पहिलं वाक्य असं होतं: "दूधसागर धबधबा येथे जाण्यासाठी दूधसागर धबधबा जवळचे स्थानक कुळे हे आहे."

मी ते मोठ्याने वाचलं. आतून नवऱ्याने कोकणीत विचारलं, "हें कोणें बरयलां?" हे कुणी लिहिलं?

नेटवरच्या मराठीत पावलोपावली ते 'येथे' आणि 'या ठिकाणी' कुठून येतं, ते त्या दिवशी मला कळलं. त्यातलं निदान काही तरी माणसांनी ठिपका हिरवा करायला लिहिलेलं असणार. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पैसे हवे होते, तरीही त्या वाक्याखाली मान्य म्हणून लिहायला हात धजेना. कथेतलं एक वाक्य घासायला मी दोन-दोन रात्री घालवल्या आहेत. ब्लॉगचं वाक्य कमी दर्जाचं चालतं, असं कुणी ठरवलं?

शेवटी वरिष्ठ संपादक बाईंचा नंबर मागून घेतला. त्यांना दोन्ही परिच्छेद फोनवर वाचून दाखवले, आधी ऑफिसचा, मग माझा. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मार्ग काय सांगता?"

मार्ग मी काढून ठेवला होता. माणूस शोधताना पूर्ण वाक्य टाइप करत नाही. 'दूधसागर धबधबा कसे जायचे', 'दूधसागर धबधबा जीप' असे तुकडे टाकतो. तुकड्यात शब्द मूळ रूपात असतो. म्हणून मथळ्यात, एका उपमथळ्यात आणि फोटोखालच्या ओळीत मूळ रूप ठेवायचं. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य असं रचायचं की धबधबा कर्ता होईल: "दूधसागर धबधबा मांडवी नदीवर आहे." बाकी लेखात विभक्तीला मोकळं सोडायचं. त्यांनी हो म्हटलं. लेख लागला, पैसे आले. तांबडा ठिपका त्या लेखावर अजून आहे.

तुम्ही कथा-कवितेकडून इकडे येत असाल तर हा झगडा पहिल्याच लेखाला करा. एकदा 'येथे' चालवून घेतलं की ते दर लेखाला मागतात.

आणखी आठवलं ते सांगते. पॅन आधी द्या. मानधन वर्षाच्या मर्यादेपलीकडे गेलं की साधारण 10 टक्के कर कापतात, पॅन नसेल तर 20. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, मी मागितला आणि मिळाला. जुन्या कथा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या टायपात, असतील तर नमुना म्हणून पाठवण्याआधी युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्यांनी तपासा. माझ्या फायलीत सगळे रफार भलत्याच अक्षरावर गेले होते.

करार नीट वाचा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. लेखावर नाव कुणाचं, आणि हक्क किती वर्षांसाठी देताय, हे दोन्ही बघा. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. माझ्या करारात 'कायमचे' असं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी ते बदललं. विचारलं नसतं तर तसंच राहिलं असतं.

कथा सुटली का, असं बरेच जण विचारतात. नाही सुटली. सकाळी ब्लॉग, रात्री जेवणं झाल्यावर कथा. उलट कथेतलं फाफटपसारा सुरू झालेलं पान आता मला लवकर ओळखू येतं.

चवथीआधी माटोळीवरचा लेख दिला. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती रानफळा-फुलांनी सजवलेली चौकट. आंबाडे, सुपारीचे घड, रानातली कांगलां, सगळं त्यात आहे. मथळ्यात 'माटोळी', आणि आत माटोळीला, माटोळीत, माटोळीखाली, माटोळ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांचा निरोप आला: लावला.