आईचा टॅब आणि जागेचं भांडण

मंगळवार पेठेतल्या घरी आज दिवसभर एकच पालुपद: ‘अपडेटसाठी पुरेशी जागा नाही.’ आईचा टॅब 16 जीबीचा, त्यात मोठा वाटा सिस्टीमनंच अडवलेला. आईचं म्हणणं, ‘अरे, कार्ड घातलंय की त्यात, चांगलं 32 चं!’ पण सिस्टीमचं अपडेट बसतं आतल्याच मेमरीत, कार्ड नुसतं शेजारी. शिवाय फाईल उतरवायला जागा लागते ती वेगळी आणि उलगडायला वेगळी.

व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर अंबाबाईच्या रोजच्या पूजेचे फोटो. ढीगभर! ‘पुसायचं नाही बघ ते, देवीचं आहे.’ बरं. मग देवीला मानानं कार्डावर नेऊन बसवलं. खरा माल सापडला ‘सेंट’ फोल्डरमध्ये. गॅलरीतून पाठवलेल्या व्हिडिओंची आणखी एकेक प्रत तिथं पडून होती. भावकीतल्या बारशाचा एकच व्हिडिओ, आणि जागा खातोय दोनदा! त्या प्रती उडवल्या आणि अपडेट मुकाट्यानं सुरू झालं.

एवढं करून अँड्रॉइडचं व्हर्जन जुनंच, नुसता सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींची डागडुजी, तेवढा आला. (तोही आला हेच लई.) आईला त्याचं काय? तिनं लगेच विचारलं, ‘आता मावशीच्या ग्रुपवरचं सगळं उतरंल न्हवं?’