दुसऱ्या सिंहाचा डावा कान

पहिला चिनी मातीचा सिंह मी फोटोवरून घेतला आणि सपशेल फसले. 'अठराव्या शतकातला' म्हणून आला, निघाला वयाने माझ्याहून लहान.

ही पांढरी चिनी जनावरं फुजिअन प्रांतातल्या दहुआची. तिथल्या मातीत लोह फार कमी, म्हणून ती भाजली की पांढरीच निघते. वर रंग नाही, नक्षी नाही, बहुतेकांवर शिक्काही नाही. युरोपात यांना 'ब्लां द शिन' म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये 'चीनचं पांढरं'. ओळखायचं ते पांढऱ्यावरूनच, आणि त्यातही एक सायीसारखा, एक निळसर.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वरच्या मजल्यावर चिनी मातीच्या भांड्यांची कपाटंच्या कपाटं आहेत, पण काचेतून वजन कळत नाही. मी शिकले ती लिलावाआधीच्या पाहणीत. तिथे वस्तू हातात घेऊ देतात. (कान किंवा शेपूट धरून उचलू नका, सगळं दालन तुमच्याकडे बघतं.)

दुसरा सिंह तिथेच भेटला. वीतभर उंच, चौथऱ्यावर बसलेला, पंज्याखाली चेंडू, बाजूला एक नळी. उलटा केला. तळाला झिलई नाही, आत पोकळ, आणि साच्यात माती दाबताना उमटलेले कुणाच्या तरी बोटांचे ठसे. माझं बोट त्यात बरोबर बसलं. खरं तर तिथेच मी विरघळले होते, तरी शहाण्यासारखं खिशातला अतिनील टॉर्च काढून आडोशाला मारला. सगळा सिंह एकसारखा, डावा कान तेवढा वेगळाच चमकला. नखाने टिचकी मारली तर आवाज बोदा. कान नंतर बसवलेला!

त्या कानानेच मला तारलं, कारण अखंड सिंह माझ्या ऐपतीत नव्हता. हातोडा पडला १८० पाउंडांवर. मग लिलाववाल्यांचं २५ टक्के कमिशन, म्हणजे ४५, आणि त्यावर २० टक्के व्हॅट, आणखी ९. एकूण २३४. हा हिशेब बोली लावण्याआधी करायचा असतो. मी तो घरी येताना बसमध्ये केला.

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाच्या संग्रहात पांढऱ्या चिनी वस्तूंवर नंबराबरोबर त्रिकोण कोरलेला असे. त्याची यादी १७२१ मध्ये सुरू झाली. हे कळल्यापासून प्रत्येक सिंह उलटा करून मी त्रिकोण शोधते. वेडेपणा आहे, माहीत आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "कुत्रा का गं?" मग नळी दिसली. "अगं, हे तर उदबत्तीचं घर!" अगदी बरोबर, नळी त्यासाठीच. असे सिंह जोडीने असतात, मादीच्या पंज्याखाली पिल्लू, हेही सांगितलं.

"मग ती कुठंय?"

तीन वर्षं झाली, शोधतेय.