घागर कापली जाते तेव्हा

डबे उघडले आणि खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की हा वास येतो, आणि एकदा आला की हाताशी फार वेळ नसतो. हे डबे माझ्याकडे घेऊन आलेल्या काकांच्या वडिलांनी १९५० च्या दशकात काढलेला कृष्णधवल मराठी चित्रपट, आणि त्याची ही एकच प्रिंट उरलेली. स्कॅनिंग सुखरूप पार पडलं. ग्रेडिंगला, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जुळवताना, काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, बाजूच्या या काळ्या पट्ट्या तेवढ्या काढा. लोकांना वाटेल, टीव्हीच बिघडलाय."

पडदा भरायचे दोनच मार्ग. चित्र आडवं ताणायचं, म्हणजे सगळी माणसं सुजल्यासारखी दिसतात. नाहीतर वरखाली कापायचं. त्या काळची चौकट, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण, १.३७ ला १, आजचा टीव्ही १६ ला ९. म्हणजे उंचीतला जवळजवळ पाव भाग जातो.

मी वाद घातला नाही. म्हणाल्याप्रमाणे कापलं आणि सुरुवातीपासून लावलं.

श्रेयनामावलीतच काका पुढे सरकले. एका पाटीवर सगळ्यात वरच्या ओळीत 'गीते' लिहिलेलं होतं. काप नेमका शिरोरेषेवरून गेला होता. वेलांटी गेली, मात्रा गेली, आणि पडद्यावर उरलं 'गात'. ते काही बोलले नाहीत. मग विहिरीचा प्रसंग आला. नायिका डोक्यावर घागर घेऊन पायवाटेने येते, एक हात वर. कापलेल्या चित्रात घागरच नव्हती. हात कोपरापर्यंत दिसत होता आणि तिथून पुढे कशाला धरलंय ते कळत नव्हतं. खाली पावलंही नाहीत. बाई चालतेय की उभी आहे, तेही नीट समजेना.

"थांबा," काका म्हणाले. "पण थिएटरात तर पडदा रुंद असतो ना?"

तो नंतर झाला. हॉलिवूडने ही १.३७ ची चौकट १९३२ मध्ये ठरवली आणि जगभर तीच चालली. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र, अमेरिकेत आला १९५३ मध्ये, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट 'कागज के फूल', १९५९ चा. मी प्रिंटचा एक तुकडा लाइट टेबलवर ठेवून त्यांच्या हातात भिंग दिलं. एका फ्रेमच्या बाजूला चार छिद्रं, कडेने ध्वनिपट्टी, आणि दोन फ्रेमच्या मध्ये जाड काळी रेघ. ध्वनीने रुंदीतली जागा घेतली म्हणून उंचीही कमी केली, आकार मात्र जवळपास मूकपटांचाच राखला. त्या पट्टीवर रुंद चित्र कुठे लपलेलं नाही. कॅमेरामनने भिंगातून पाहिलं ते एवढंच, आणि घागर कुठवर यावी हे त्याने त्यातच ठरवलं.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. व्हीसीडीच्या काळात मी एका ठिकाणी उलटं काम करत होते. तेव्हा टीव्ही ४ ला ३ होते, म्हणून सिनेमास्कोपच्या बाजू कापायच्या. २.३५ ची चौकट त्यात बसवली की शंभरातले त्रेचाळीस भाग जातात. दोघं बोलत असली की एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान उरायचा. मी निमूटपणे कापत राहिले. आणि त्या डिस्क अजून लोकांच्या घरात आहेत. कित्येकांनी तो चित्रपट फक्त तसाच पाहिलाय.

काकांनी विहिरीचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, पूर्ण चौकटीत. घागर आली, तिच्यावर धरलेला हात आला, पावलांखालची धूळ आली. तो त्यांनी तीनदा पाहिला.

मग म्हणाले, "सुरुवातीला एक पाटी टाका." मी टाइप केलं: 'हा चित्रपट मूळ चौकटीत आहे. दोन्ही बाजूंची काळी जागा हा दोष नाही.'

ते पडद्याजवळ जाऊन एकेक अक्षर वाचत होते. "'चौकटीत'ची वेलांटी पूर्ण येतेय ना," ते म्हणाले, "तेवढं बघा."